मुलाचं वजन वाढलंय? एकट्याला डाएटवर टाकू नका, अख्खं घर कामाला लावा

माझ्या मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला एक काळपट पट्टा दिसायला लागला होता आणि मी सहा महिने तो घासत होते. मळ आहे असंच वाटायचं. डाळीचं पीठ लावलं, लिंबू लावलं, आजीने साय-हळद लावली, पट्टा जिथल्या तिथे. तेव्हा तो साडेआठ वर्षांचा होता. मग एकदा ताप आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी ताप बघायच्या आधी मान बघितली आणि म्हणाले, हा मळ नाहीये, शरीरात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त फिरतंय त्याची खूण आहे, अकँथोसिस म्हणतात याला, घासून जाणार नाही. मग वजन केलं, उंची मोजली, आणि विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं? सामान कोण आणतं?" मी म्हटलं सकाळचं मी करते, संध्याकाळचं आई बघतात, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि सामान हे आणतात. तर म्हणाले, "मग पुढच्या वेळी तुम्ही तिघं या. मुलाला नाही आणलंत तरी चालेल."

मला आधी रागच आला होता, की तब्येत याची आणि बोलावताय आम्हाला. पण आता वीस महिने झालेत आणि ते का म्हणाले ते पुरतं कळलंय. सोसायटीतल्या, शाळेतल्या बऱ्याच आया विचारतात की तू नक्की काय केलंस, कुठला डाएट चार्ट, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. चार्ट नाहीये हो. घरातल्या पाच माणसांनी काय काय बदललं तेच आहे.

आणि हे काही आमच्या डॉक्टरांच्या मनचं नव्हतं. अमेरिकेत लेनर्ड एपस्टाइन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, ते कित्येक दशकं यावरच काम करतायत. त्यांनी जाड मुलांचे गट केले, काही घरांत मुलाबरोबर आई किंवा वडीलही स्वतःच्या सवयी बदलत होते आणि दोघांचंही कौतुक व्हायचं, काही घरांत नुसतं मुलावरच लक्ष. नंतर थेट १० वर्षांनी परत मोजमाप केलं तर आईवडील सोबत असलेल्या मुलांचं टिकलं होतं, हे १९९० मध्ये छापून आलं. १९९८ मध्ये इस्रायलच्या मोरिया गोलान यांनी तर त्याच्याही पुढे जाऊन एका गटात फक्त मुलांना शिकवलं आणि दुसऱ्या गटात फक्त आईवडिलांना, मुलं आलीच नाहीत, आणि वजन जास्त उतरलं ते या दुसऱ्या गटातल्या मुलांचं. २०२३ मध्ये एपस्टाइन यांच्या टीमनेच ४५२ मुलांवर दोन वर्षं अभ्यास केला, मोठ्या हॉस्पिटलात नाही, नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये. त्यात मुलांबरोबर आईवडिलांचंही वजन सुधारलं आणि ज्या भावंडांवर कुणी उपचारच केले नव्हते त्यांचंही सुधारलं. साधी गोष्ट आहे ना, आठ वर्षांचं मूल किराणा आणत नाही, भाजी फोडणीला टाकत नाही, फरसाणाचा डबा भरत नाही. ते सगळं आपण करतो.

आधी नीट मोजा, नजरेवर जाऊ नका

आपल्याकडे बाळसेदार, खात्यापित्या घरचं, अंग धरलंय असे सगळे शब्द कौतुकाचे आहेत, त्यामुळे नजरेला कळतच नाही. बीएमआय काढायचा, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. पण मुलांसाठी मोठ्यांचे आकडे लावू नका, मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे बदलत असतो, म्हणून तो चार्टवर बघायचा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे चार्ट आहेत, ५ ते १८ वर्षांसाठी, मुलांचे वेगळे मुलींचे वेगळे. त्यात मोठेपणीच्या २३ आणि २७ बीएमआयला जुळणाऱ्या दोन रेषा काढल्यात, पहिल्या रेषेच्या वर गेलं तर जास्त वजन, दुसरीच्या वर गेलं तर लठ्ठपणा. परदेशी मापात हेच आकडे २५ आणि ३० असतात, आपल्याकडे कमी ठेवलेत कारण आपल्या लोकांत कमी वजनातही चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दोघंही बघायला सडपातळ. तो फोटो मी सासूबाईंना दाखवला, त्याचा माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त उपयोग झाला.

घरच्या घरी आणखी एक करता येतं, दोरा घ्या, मुलाच्या उंचीएवढा कापा, निम्मा दुमडा, आणि पोटाभोवती लावा. पुरला नाही तर डॉक्टरांकडे जायची वेळ झालीय असं समजा.

काही गोष्टी असतील तर मात्र घरचे उपाय करत बसू नका, आधी डॉक्टर. रात्री जोरात घोरतो आणि मध्येच श्वास अडकतो, मान किंवा काखा काळ्या पडल्यात, सारखी तहान आणि सारखी लघवी, डोकं दुखून दिसायला अंधुक, गुडघा किंवा मांडी दुखून लंगडतोय (यात कधीकधी खुब्याचं हाड सरकलेलं असतं, थांबायचं नाही), मुलीची पाळी सुरू होऊन बरेच दिवस झाले तरी अनियमित. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, वजन वाढतंय पण उंची वाढायची थांबलीय असं असेल तर हार्मोनच्या तपासण्या लागतात. नुसतं खाण्याने वाढलेली मुलं साधारण वर्गातल्या इतरांपेक्षा उंचच असतात. वजन जास्त आणि उंचीही कमी, तर कारण वेगळं असू शकतं.

वजन उतरवायचं नाही, उंचीला गाठू द्यायचं

हे ऐकून मला फार हलकं वाटलं होतं. लहान वाढत्या मुलात बऱ्याचदा किलो कमी करायचेच नसतात, नुसते वाढू द्यायचे नसतात किंवा हळू वाढू द्यायचे असतात. आमचा हिशोब सांगते. तेव्हा उंची १२८ सेंटिमीटर, वजन ३६ किलो, म्हणजे बीएमआय २२. आता उंची १३८, वजन साडेअडतीस, बीएमआय साधारण २०.२. वजनकाट्यावर अडीच किलो वाढलेलेच दिसतात! नातेवाईक विचारतात काय फरक पडला, पण पट्टा बराच फिका झालाय, रक्ताचे रिपोर्ट सुधारलेत आणि तीन मजले न थांबता चढतो. खूप जास्त लठ्ठपणा असेल किंवा मूल मोठं असेल तर डॉक्टर वजन कमी करायलाही सांगतात, पण ते हळूहळू आणि त्यांच्या देखरेखीखाली. रील बघून जेवणाऐवजी शेक, रात्रीचं जेवण बंद, असलं काही करू नका, वाढीच्या वयात उपाशी ठेवलेलं मूल संधी मिळाली की दुप्पट खातं, शिवाय लपून खायला शिकतं.

पहिला आठवडा: फक्त तोंडावर ताबा

आमच्या घरात पहिला नियम खाण्याचा नव्हताच, बोलण्याचा होता. जाड्या, ढोल्या, गोलू, "बघ बघ कसा खातोय", "तुला नको, ताईला दे", सगळं बंद. गंमतीतही नाही. मामाला फोन करून सांगितलं, काकूला सांगितलं, शेजारच्या आजोबांना पण जाऊन सांगितलं. वजनावरून चिडवलेली मुलं अजून जास्त खातात, आणि पुढे खाण्याचे आजार व्हायची भीती अशा घरांत जास्त असते. मी स्वतः आरशासमोर उभी राहून "मी किती सुटलेय" म्हणायचे ते पण बंद केलं, कारण तो ऐकत असायचा. आता आमच्याकडे जाड-बारीक हे शब्द नाहीत, दम लागणं, ताकद, झोप, पोट बरं वाटणं, असं बोलतो.

आणि त्याला एकट्याला वेगळं काही नाही. त्याची धाकटी बहीण काडी आहे, पण तिच्या पानात तेच वाढलं जातं जे त्याच्या पानात. बारीक मुलीला बिस्किटं आणि याला काकडी असं ज्या घरात होतं तिथे हे कधीच चालणार नाही, कारण त्याला ती शिक्षाच वाटणार.

आजींशी कसं बोलायचं

खरं सांगते, सगळ्यात अवघड हेच होतं, आणि बहुतेक घरं इथेच अडकतात. सासूबाईंचं म्हणणं, "वाढतं वय आहे, खाऊ दे, मोठा झाला की उतरेल, आमच्या वेळी खायला नव्हतं." त्यांनी खरंच तंगी बघितलीय, नातवाच्या पानात तुपाची धार सोडणं हे त्यांचं सुख आहे. त्यांना "तुम्ही लाड करून बिघडवलंत" म्हटलं असतं तर संपलं होतं सगळं. म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि स्वतः गप्प बसले. डॉक्टरांनी विचारलं घरात शुगर कुणाला आहे, तर आजोबांना होती, त्यांचा पाय गेला होता त्यात. डॉक्टर एवढंच म्हणाले की आजी, याला ते नको ना व्हायला. घरी येताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना काम दिलं. कमी द्या असं नाही सांगितलं, वेगळं द्या असं सांगितलं. संध्याकाळी शाळेतून आल्यावरचं खाणं पूर्ण तुमच्याकडे, फक्त डब्यातलं नको, तुमच्या हातचं. मग काय काय निघालं त्यांच्या पोतडीतून! मुगाचं धिरडं, कोथिंबीर घातलेली ज्वारीची उकड, कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर घालून कालवलेले पोहे, उकडलेल्या शेंगा, थालीपीठ (तव्यावर तेल दोन चमचेच). लाड तर झालेच की. आजीआजोबांकडून प्रेम काढून घ्यायचं नाही, त्या प्रेमाला दुसरी वाट द्यायची, गोष्ट सांगा, पत्ते खेळा, देवळापर्यंत हात धरून चालत न्या.

तसंच यांचं. हे रात्री नऊला यायचे आणि हातात कागदाची पुडी, समोसे नाहीतर वडे, पोरं दारात वाट बघत बसायची. बाबा म्हणजे पुडी. ती बंद करायची म्हणजे बाबांनी नुसतं रिकाम्या हाताने यायचं का? तर हे आता साडेआठपर्यंत यायचा प्रयत्न करतात आणि खाली पार्किंगमध्ये पंधरा-वीस मिनिटं बॅडमिंटन. पुडी शनिवारी येते, सगळ्यांसाठी, मोजून.

स्वयंपाकघर: हिरवं, पिवळं, लाल

सिग्नलच्या रंगांची ही पद्धत पण एपस्टाइन यांचीच, ट्रॅफिक लाइट डाएट, मी फक्त आपल्या पानाला लावली. हिरवं म्हणजे पोटभर घ्या: पालेभाज्या, काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, दुधी, कोबी, पेरू, संत्रं, साखर न घातलेलं पातळ ताक. पिवळं म्हणजे रोज हवंच पण मापात: भाकरी, पोळी, भात, वरण, उसळी, अंडं, मासे, चिकन, दूध, दही, पोहे, केळं. लाल म्हणजे कधीतरी: फरसाण, वेफर्स, बिस्किटं, खारी, टोस्ट, वडापाव, साबुदाणा वडा, श्रीखंड, कोल्ड्रिंक, पॅकेटातला ज्यूस, चॉकलेट. बिस्किट लालमध्ये टाकल्यावर घरात वाद झाला, कारण चहाबरोबर बिस्किट म्हणजे खाणंच नाही असं सगळ्यांना वाटतं. पाकीट उलटं करून वाचा, मैदा, साखर, तेल, हाच क्रम बहुतेक वेळा दिसेल.

पहिल्या आठवड्यात काही कमी करू नका, नुसतं मोजा. फ्रिजवर कागद लावा, घरातल्या प्रत्येकाचं नाव, आणि लाल खाल्लं की टिंब. मुलाचीच नाही, सगळ्यांची टिंबं. आमच्याकडे सगळ्यात जास्त यांची निघाली, त्यानंतर माझी, ऑफिसातल्या चहा-खारीमुळे. मुलाचा नंबर तिसरा! ते बघून त्याचा चेहरा जो उजळला तो मी विसरणार नाही, पहिल्यांदाच त्याला कळलं की गडबड एकट्या त्याच्यात नाहीये. मग दर आठवड्याला प्रत्येकाने आपली थोडी टिंबं कमी करायची, एकदम शून्यावर जायचं नाही.

घरात साठा ठेवायचा नाही हा सगळ्यात मोठा उपाय. मुलाला "नको खाऊ" म्हणत दिवसभर राखण करण्यापेक्षा डबा रिकामा ठेवणं सोपं आहे. लाल खायचं असेल तर बाहेर जाऊन, एक प्लेट, खाऊन परत. मोठ्यांनी कपाटाच्या वरच्या खणात लपवून ठेवायचं पण नाही, मुलांना सगळं माहीत असतं. ओट्यावर दिसेल अशा जागी धुतलेली काकडी-गाजरं, पेरू, केळी, आणि फुटाण्यांची बरणी.

पिण्यातली साखर आधी काढा कारण ती सगळ्यात सहज निघते आणि तिने पोट भरतच नाही. कोल्ड्रिंकच्या १०० मिलीमध्ये साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं, आठ-नऊ वर्षांच्या मुलात हे ५ टक्के म्हणजे साधारण वीस ग्रॅम. मग दुधाचं बघा, आम्ही पावडर घालायचो आणि वर दोन चमचे साखर, पावडरीत आधीच साखर असते हे मी वाचलंच नव्हतं. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो, दोन महिन्यांत दूध साधं झालं, कुणाला कळलं पण नाही. एकदम बंद केलं असतं तर दूधच सुटलं असतं.

तेल मोजायचं कॅनवरून. आमच्याकडे पाच माणसांना महिन्याला पाच लिटर लागायचं, आता तीन लागतं, म्हणजे माणशी रोजचं साधारण १८ ग्रॅम. बुधला उचलून धार सोडणं बंद, चमच्यानेच घालायचं. महिन्याच्या एक तारखेला तीन लिटर काढून ठेवायचं आणि तेवढ्यात भागवायचं, तळण काढलं तर पुढचे दोन दिवस आपोआप हात आखडतो.

पानात किती वाढायचं

अमेरिकेत एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांचा एक नियम आमच्या डॉक्टरांनी सांगितला: काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं असतं. काय हवं ते मुलाला विचारतो ("नूडल्स करू का?") आणि किती खायचं ते आपण ठरवतो ("एवढा भात संपव, पानात टाकायचं नाही"). पानात टाकू नये हे मला पण पटतं, अन्न आहे ते. त्याला उपाय म्हणजे आधीच कमी वाढा, भूक असेल तर परत घेऊ दे, पण पोट भरलं म्हणाला की विषय संपला, "अजून एक घास माझ्यासाठी" नाही. पोट भरल्याची जाणीव मुलांना असते, आपण आग्रह करून करून ती घालवतो.

जेवायच्या आधी पाच-सात मिनिटं, पानं घेतली जातायत तोवर, कोशिंबिरीची वाटी समोर ठेवा, भुकेच्या वेळी तीच संपते. भाजीची वाटी मोठी, भाताचं वाढणं लहान. भाकरी परत हवी असेल तर जरूर द्या, फक्त मध्ये थोड्या गप्पा होऊ द्या, बऱ्याचदा तेवढ्यात तो उठतो. टीव्ही बंद, मोबाईल बंद, आणि हे मोठ्यांनी आधी करायचं, मला मालिका बघत जेवायची सवय होती ती सोडायला चार महिने लागले. एक जेवण तरी सगळ्यांनी एकत्र. आमच्याकडे रात्रीचं.

संध्याकाळची साडेपाचची वेळ मात्र जपा. शाळेच्या व्हॅनमधून मूल उतरतं तेव्हा कडाडून भूक लागलेली असते, दुपारचा डबा अर्धा परत आलेला असतो, तेव्हा समोर जे असेल ते जातं. त्या वेळी तयार खाणं हवं म्हणजे हवंच, "थांब करते" म्हटलं की तो डबे उघडतोच. दोन्ही पालक नोकरीवर असतील तर सकाळीच उकडलेली अंडी, उसळ, कापलेलं फळ ठेवून जा आणि जो कोणी घरी असेल, मावशी असतील सांभाळणाऱ्या, त्यांना पण या सगळ्यात घ्या, त्यांच्याही नावाचा रकाना कागदावर असू द्या.

झोप आणि खेळ

झोपेचं लोक मनावरच घेत नाहीत. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, मोठ्या मुलांना ८ ते १०. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त आणि गोड-तळलेलंच हवंसं वाटतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवा असा आदेश काढला तो झोपेसाठीच. पण आमचा आता पाचवीत, सव्वासहाला उठतो, म्हणजे सव्वानऊला दिवा बंद व्हायलाच हवा. त्यासाठी घरातले सगळे मोबाईल नऊला हॉलमध्ये चार्जिंगला, आमचे पण.

खेळ रोज एक तास, घाम येईल असा. एका दमात नसला तरी चालतो, तुकड्या तुकड्यांनी होऊ दे. शिक्षा म्हणून पळवू नका, "दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास ना, आता दहा चकरा मार" असं तर कधीच नको. जड मुलाला पळायच्या शर्यतीत मागे पडायची लाज वाटते, म्हणून सुरुवातीला सायकल, पोहणं, लगोरी, डॉजबॉल असं काही, जिथे त्याची ताकद कामी येते. पावसाळ्यात जिने, सूर्यनमस्कार, गाणी लावून नाचणं. आणि घरातलं काम, पाणी भरणं, कपडे वाळत घालणं, भाजीला चालत जाणं. आमच्या इथे मोठ्यांपैकी कोणीतरी सोबत खाली उतरलं तरच तो उतरायचा, पहिले तीन महिने तरी.

रविवारची पंधरा मिनिटं

हा सगळा प्रकार टिकला तो यामुळे असं मला वाटतं. रविवारी नाश्त्यानंतर सगळे बसतात, कागद समोर. प्रत्येकाचं एकच ठरलेलं असतं, ह्यांचं ऑफिसमधलं कोल्ड्रिंक, माझं टीव्हीसमोर न खाणं, आजींचं रोज खाली दोन चकरा, धाकटीचं एक भाजी न रडता, त्याचं रोजचा खेळ. जमलं त्याचं नाव घेऊन नेमकं कौतुक, "शहाणा आहेस" असं मोघम नाही, "गुरुवारी वाढदिवसाला दुसरा केक नको म्हणालास ते मला फार आवडलं" असं. बक्षीस खाण्याचं कधीच नको. जिंकलास म्हणून पिझ्झा दिला की पिझ्झाची किंमत आपणच वाढवली. आमची बक्षिसं म्हणजे आजीबरोबर जागून पत्ते, बाबांबरोबर टेकडी, नवीन शटल. नाही जमलं तर ओरडायचं नाही, काय आडवं आलं ते विचारायचं आणि ध्येय थोडं लहान करायचं. वजन महिन्यातून एकदा, आवाज न करता, आकडा सगळ्यांसमोर वाचायचा नाही.

सणांना हात लावू नका. गणपतीत मोदक खायचे, दिवाळीत फराळ खायचा. फक्त घाणा लहान घ्या, भाऊबीजेपर्यंत संपेल एवढाच, नंतर डिसेंबरपर्यंत डब्यात चकल्या राहायला नकोत. उपवासाला साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, फळं. शाळेतल्या खाण्याबद्दल बाईंशी बोला, एकटं बोलायला नको वाटलं तर दोन-चार पालक मिळून जा. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे शुगर बोर्ड लावायला सांगितलंय, आणि शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी-साखर-मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत असा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०२० चा नियम आहे, हे सांगता येईल.

गाडी घसरते हेही सांगून ठेवते. मे महिन्यात मामाकडे महिनाभर राहून आला तर दोन किलो वाढून आला. मला रडू आलं होतं. पण डॉक्टर म्हणाले सुट्टीत असं होतंच, कागद परत लावा, पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. जूनमध्ये परत मोजणीपासून सुरू केलं, ऑगस्टपर्यंत पूर्वीच्या रेषेवर आलं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे असंच्या असं चालणार नाही. त्यांना ठरवण्यात वाटा द्या, डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या, घरात काय येतं ते मात्र तरीही आपल्याच हातात असतं. आणि मूल जेवण टाळायला लागलं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जातंय, खाणं लपवतंय, सारखं वजन करतंय असं दिसलं तर वजनाचं सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टर किंवा समुपदेशकांना दाखवा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय की अशा उपचारात ३ ते १२ महिन्यांत मिळून किमान २६ तास समोरासमोर भेटी हव्यात. आपल्याकडे एवढा वेळ मिळणं अवघड आहे, पण निदान महिन्यातून एकदा भेटणारे, आहारतज्ज्ञ सोबत असणारे आणि मुलाला न रागवणारे डॉक्टर शोधा. पहिल्या भेटीला लसीकरणाची जुनी फाईल न्या, त्यात लहानपणापासूनची वजनं-उंच्या असतात. आठवडाभराचं खाणं खरंखुरं लिहून न्या, दम्याची वगैरे काही औषधं चालू असतील तर ती न्या, घरात शुगर-बीपी-थायरॉइड कुणाकुणाला आहे त्याची यादी न्या. आणि घरचा स्वयंपाक ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारून, त्यांच्या सोयीच्या वेळेचीच अपॉइंटमेंट घ्या.